कडेवरून कळणारं पाणी

धामणदऱ्याच्या पाझर तलावाच्या पायथ्याशी अंगद साळवे उकिडवा बसला होता. पत्र्यात कापलेल्या तिकोनी खाचेतून भरावाचा झिरपा वाहत होता आणि तो पट्टीनं त्याची उंची मोजत होता. चार वेळा मोजली. चारही वेळा आकडा एकच आला, सेकंदाला तीन पूर्णांक चार लिटर. तळं काठोकाठ भरलं तरी इथून दोन लिटरच्या वर पाणी येणार नाही, असं त्यानं मे महिन्यात लिहून दिलं होतं. खाली सही केली होती आणि कॉलेजचा शिक्काही मारला होता.

त्याहून वाईट बातमी बाटलीत होती. झिरप्याचं पाणी भरलेली बाटली उन्हात धरली तर पलीकडचं बोट दिसत नव्हतं.

मच्छिंद्र पालवे भरावाच्या उतारावरून तिरका उतरत आला. तो पाणीवापर संस्थेचा अध्यक्ष होता. वय चाळीसच्या आत-बाहेर, आणि तोंडात सदैव एखादा टोमणा तयार.

"सर, चहा ठेवलाय. दूध न्हाई, पन तुमच्या बाटलीतलं चालंल की."

"मच्छिंद्रभाऊ, हे गढूळ कधीपासून आहे?"

"काल दुपारपस्नं. पावसाचं आसंल."

"पाऊस होऊन आठ दिवस झाले."

मच्छिंद्रनं बाटली हातात घेतली, हलवली, पुन्हा उन्हात धरली. मातीच्या भरावातून पाणी झिरपतंच, त्यात भिण्यासारखं काही नसतं. झिरपा स्वच्छ आहे तोवर भराव नुसता घाम गाळतोय असं समजावं. गढूळ झाला म्हणजे त्याचं मांस चाललंय. हे त्याला अंगदनंच शिकवलं होतं.

भरावाच्या खाली अर्ध्या हाकेवर पालवेवस्तीची एकतीस घरं होती.

अंगद भिंगारला राहायचा. वडील लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन कामगार म्हणून निवृत्त झाले होते, बायको आरती त्याच आवारात कारकून होती. तो स्वतः नगरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा आणि सहा वर्षं एकाच विषयावर पीएचडी करत होता. मातीच्या पोटात पाणी कसं वाहतं हे काढायला बहुतेक इंजिनिअर सगळ्या भरावाचे हजारो बारीक तुकडे पाडतात आणि एकेका तुकड्याचं गणित करत बसतात. अंगदची पद्धत तुकडे पाडत नव्हती. ती फक्त कडेनं फिरायची. भरावाचा छेद कागदावर काढायचा, त्याच्या कडेवर कुठं पाण्याचा दाब किती ते भरायचं, की आतल्या कुठल्याही ठिपक्याचं उत्तर संमिश्र संख्यांच्या एका सूत्रातून बाहेर पडायचं. पद्धत जुनी होती, पण गेल्या काही वर्षांत तिच्यात बरीच सुधारणा झाली होती. गणिताच्या गाठी, म्हणजे हिशेब ज्यांवर टांगायचा ते बिंदू, पूर्वी कडेवरच ठेवत. आता त्या कडेच्या बाहेर ठेवत आणि नेमक्या कुठं ठेवल्या की चूक सगळ्यात कमी होते हे संगणकालाच शोधायला लावत. ते शोधायची एक युक्ती अंगदची स्वतःची होती, आणि जुन्या लॅपटॉपवर ती चार मिनिटांत उत्तर द्यायची.

या पद्धतीची एक गोष्ट त्याला फार आवडायची. सगळ्यात मोठी चूक कडेवरच सापडते. आत तिच्याहून मोठी चूक असूच शकत नाही. म्हणजे कड तपासली की आतलं तपासावं लागत नाही. अट एवढीच, की आत पोकळी नसावी.

जानेवारीत त्यानं हे वस्तीच्या सभेत मारुतीच्या देवळात समजावून सांगितलं, तेव्हा मच्छिंद्र म्हणाला होता, "म्हंजी उंबऱ्यावर उभं ऱ्हाऊन घरात काय शिजतंय ते सांगायचं."

"तसंच."

"हे तर आमच्या कडूकाकूला पयल्यापस्नं येतंय." देवळात हशा पिकला होता.

सभा सांडव्यासाठी होती. अकरा वर्षांपूर्वी भरावाला एक चीर दिसली आणि लघुपाटबंधारे उपविभागाच्या ऑफिसनं सांडव्यात दोन मीटर खोल खाच पाडली. तेव्हापासून तळं कधीच पूर्ण भरलं नाही, वरचं पाणी खाचेतून ओढ्याला जायचं. वस्तीला ती खाच बुजवून हवी होती. ती बुजवली तर विहिरींना मार्चपर्यंत पाणी टिकेल, कांदा निघेल आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जावं लागणार नाही. ऑफिसचं म्हणणं एवढंच होतं की भराव सुरक्षित असल्याचं गणित कुणीतरी करून द्यावं. अंगदला प्रबंधासाठी खरा भराव हवा होता. त्यानं गणित फुकट करून दिलं.

घाई त्यानं केली नव्हती. भरावाखाली जुनं काही आहे का, हे त्यानं सभेत विचारलं होतं. ऑफिसचे उपअभियंता भाऊसाहेब यांनी फाईल उघडून दाखवली. बहात्तरच्या दुष्काळी कामात हा भराव पडला तेव्हा खाली एक विहीर होती. मापपुस्तकातली नोंद स्पष्ट होती, 'विहीर मुरमाने भरून, पाणी मारून दाबली.' पुरुषमंडळींनी माना डोलावल्या. भरलेली विहीर म्हणजे पोकळी नव्हे. तळ्यात तेव्हा अर्धं पाणी होतं आणि झिरपा गणिताशी तंतोतंत जुळला. जूनमध्ये खाच काँक्रीटनं बुजली. सप्टेंबरच्या शेवटी तळं अकरा वर्षांत पहिल्यांदा काठोकाठ भरलं आणि वस्तीनं पेढे वाटले.

बाटली घेऊन अंगद भिंगारला परतला तो तिन्हीसांजेला. लॅपटॉप उघडून बसला. आरतीनं ताट वाढलं, झाकलं, मग समोर येऊन बसली.

"कड जुळत नाही का?"

"जुळते. केसभर फरक नाही."

"मग?"

"पाणी जुळत नाही."

भरावात बसवलेल्या तीन नळ्यांमधली पाण्याची पातळी त्यानं येताना टिपली होती. त्यानं गणितात एक पोकळी मानली आणि ती कुठं ठेवली म्हणजे तिन्ही नळ्या आणि झिरपा एकदम जुळतात हे संगणकाला विचारलं. संगणक चार मिनिटं गुरगुरला. पोकळी भरावाच्या मध्यापासून वस्तीच्या बाजूला अकरा मीटरवर, पायाला चिकटून खाली निघाली. फाईलमधल्या नकाशात विहीर बारा मीटरवर होती.

अंगदनं ताट तसंच झाकलेलं ठेवलं. सूत्र खोटं ठरलं नव्हतं. ते चार महिने दुसऱ्याच कुठल्यातरी भरावाबद्दल खरं बोलत होतं.

सकाळी तो थेट मच्छिंद्रच्या अंगणात गेला. मच्छिंद्रची आजी लंकाबाई बाजरीची कणसं बडवत होती.

"आजी, भरावाखाली विहीर होती ना?"

"हुती की. माझ्या सासऱ्याची. दगडानं बांधल्याली, चाळीस हात."

"ती मुरमानं भरली होती?"

लंकाबाईनं बडवणं बाजूला टाकून दोन्ही कानांना हात लावले. "जिती विहीर भरत्यात व्हय रं बाबा? झरं हुतं तिला. जिती विहीर बुजवली तर वंस बुडतो."

"मग काय केलं?"

"शिळा टाकल्या. तीन. हातभर जाडीच्या. वर हळदकुकू, खन, नारळ. मंग मुरूम. त्या पाट्या मीच वाहिल्या, पंचवीस-तीस वर्साची हुते."

"फाईलमध्ये भरली म्हणून लिहिलंय."

"लिवनारच. मुकादम म्हनला भरा. बाप्ये म्हनले, तू भर, पाप तू घे. त्याला बी लेकरंबाळं हुती. त्यानं वहीत लिवलं भरली म्हनून, आन सुटला."

मच्छिंद्र दारात उभा होता. "आजे, मला कदी बोलली न्हाईस."

"तू कदी इचारलं?"

"मी जानेवारीत सभेत विचारलं होतं, आजी," अंगद म्हणाला.

"सभंला बाप्ये हुते. बायांनी च्या केला." लंकाबाईनं पुन्हा बडवणं उचललं. "कपबश्या आमी इसळल्या."

अर्ध्या पाण्याचा भार शिळांनी पेलला होता. काठोकाठच्या पाण्यात शिळांमधला पन्नास वर्षांचा चुना सुटला असणार आणि भरावाची माती सांध्यांतून थोडीथोडी विहिरीत उतरत असणार. चाळीस हात खोल विहीर पुष्कळ माती खाते. ती उतरता उतरता एक दिवस वरचा भराव खचतो, आणि खचल्यावर कुणाला पायात चप्पल घालायला वेळ मिळत नाही. पाझर तलावाला दरवाजा नसतो. पाणी उतरवायचं तर सांडव्यातली खाच पुन्हा फोडणं एवढाच मार्ग होता.

भाऊसाहेबांनी ऑफिसात त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पाण्याचा ग्लास पुढं केला.

"साळवे, मे महिन्यातली ही सही कुणाची?"

"माझी."

"आणि कड बरोबर तर आत बरोबर, हे मला कुणी शिकवलं? मी तर एलसीईवाला, डिप्लोमाचा माणूस. तुम्ही म्हणालात म्हणून मी वर लिहिलं."

"आत पोकळी आहे, साहेब. म्हातारीनं स्वतः पाट्या वाहिल्यात."

"म्हातारीचं म्हणणं आणि मापपुस्तकातली नोंद. मी वर काय पाठवू?" त्यांनी आवाज उतरवला. "पत्र द्या. मी आजच पुढं ढकलतो. पण सांडवा फोडायचा आदेश माझ्या हातात नाही, आणि वरचे निदान पंधरा दिवस घेणार."

बाहेर येऊन अंगदनं आपल्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. सरांनी दोनदा 'अरे वा' म्हटलं. "पोकळी असलेलं क्षेत्र! साळवे, हा तुमचा दुसरा पेपर. लगेच लिहा."

"सर, खाली एकतीस घरं आहेत."

"हो, हो, ते आहेच," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी झिरपा चार पूर्णांक नऊवर गेला. उतारावर, मध्यापासून अकरा मीटरवर, गवताखाली परातीएवढा खळगा पडला होता. मच्छिंद्रनं त्यात कोपरापर्यंत हात घातला. माती भुसभुशीत लागली.

वस्तीला देवळात बोलावलं. या वेळी बायकाही आल्या. अंगदनं पाच मिनिटांत सांगून टाकलं. कुणी ओरडलं नाही, हेच त्याला जड गेलं. रानात कांद्याची रोपं वीतभर झाली होती. ऊसतोडीच्या मुकादमाला बावीस नवरा-बायकोच्या जोड्यांनी यंदा येत नाही म्हणून कळवून टाकलं होतं.

कडूबाई उठली. मच्छिंद्रची चुलती, बोलायला तिखट. "मास्तर, तवा कागद दावून भरायला लावलं. आता कागद दावून फोडायला लावता. कंचा कागद खरा?"

"आताचा."

"तवा बी तुमी आताचाच म्हनला हुता."

"काकू, खळगा बघून या तुमी," मच्छिंद्र म्हणाला.

"उंदराचं बीळ आसंल."

"परातीएवढा उंदीर?"

"तुझ्यासारका आसंल. समद्यांचं खाऊन बसल्याला."

कुणीतरी हसलं. पण मच्छिंद्र उभाच होता. तो म्हणाला, "माझ्या आजीनं शिळा टाकताना बघितल्यात. मी फोडनार. ऑफिस काय करंल ते मला करंल. ज्याला आडवं यायचं त्यानं जेसीबीच्या पुढं झोपावं."

कुणी झोपलं नाही. सांडव्यावर जेसीबी चालला तेव्हा सगळी वस्ती भरावावर उभी राहून बघत होती. जूनमध्ये घातलेलं काँक्रीट दीड तासात निघालं. दोन दिवस पाणी ओढ्याला धो-धो वाहत राहिलं. खालच्या तीन गावांनी ते आनंदानं अडवलं. तिसऱ्या दिवशी झिरपा दोनवर आला, पाचव्या दिवशी स्वच्छ झाला. खळगा जेवढा होता तेवढाच राहिला.

भराव जागेवर उभा होता, आणि अंगदचं खरं नुकसान तिथंच झालं. तो बरोबर होता की नाही, हे आता कळायला मार्ग नव्हता. कडूबाई रोज सकाळी शेरडं घेऊन भरावावरून जायची आणि पाय आपटून बघायची. "खचंना की गं बाई," असं मोठ्यानं म्हणायची.

खाचेखालचं पाणी डिसेंबरात तळाला गेलं. रोपं जळाली. बावीस जोड्या उशिरानं निघाल्या. चांगल्या टोळ्या भरून गेल्या होत्या, म्हणून मिळेल त्या टोळीत, मिळेल त्या मुलुखात गेल्या. शाळेतली चौतीस पोरं ट्रकच्या हौद्यात भांड्यांवर बसून गेली. मच्छिंद्रला सरकारी बांधकाम फोडल्याची नोटीस आली. कॉलेजला पत्र आलं, की आपल्या प्राध्यापकाने पाच महिन्यांत एकाच भरावाबद्दल परस्परविरुद्ध दोन दाखले दिले आहेत. प्राचार्यांनी अंगदला बाहेरचं काम बंद करायला सांगितलं.

त्यानं तीन अर्ज केले. भरावातून एक बोअर घ्या, बारा मीटर खाली जा, पोकळी लागेल. लागली तर ती सिमेंटच्या गाळानं भरता येईल, आठ दिवसांचं काम आहे. उत्तर फेब्रुवारीत आलं. 'सदर भराव सुस्थितीत असल्याबाबत तज्ज्ञांचा अहवाल कार्यालयात उपलब्ध असल्याने भरावास छिद्र पाडण्यास परवानगी देता येत नाही.' अहवालाचा जावक क्रमांक दिला होता. तो त्याचाच मे महिन्यातला अहवाल होता.

मार्चमध्ये पीएचडीची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक सज्जन होते. त्यांनी पोकळीवरचं प्रकरण उलटून पाहिलं आणि विचारलं, "प्रत्यक्ष पडताळणी?"

"करू दिली नाही."

"मग हे प्रकरण काढून टाका. आधीची जुळणी सुंदर आहे. तेवढ्यावर पदवी मिळते."

मार्गदर्शक सर टेबलाखालून त्याचा पाय दाबत होते. अंगदनं प्रकरण काढलं. घरी आरतीनं विचारलं, "मिळाली?" तो "मिळाली" म्हणाला. तिनं शेजारी पेढे दिले नाहीत. त्यानंही विचारलं नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भाऊसाहेबांचा फोन आला. "साळवे, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो. धामणदऱ्याची खाच पुन्हा बुजवतायत. नवा दाखला आलाय, नगरच्या एका सल्लागाराचा. पद्धत तुमचीच वापरलीय, तुमचं नावसुद्धा घातलंय खाली."

"आणि विहीर?"

"मापपुस्तकाप्रमाणे," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

अंगदनं मोटरसायकल काढली. करंजीचा घाट चढून धामणदऱ्याला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. सांडव्यावर सात-आठ माणसं होती. ऊसतोडीवरून परतलेली, रापलेली, हाताला पानांचे काप पडलेली. दोन बाया पाट्या वाहत होत्या. कडूबाईनं त्याला पाहिलं आणि पाटी घेऊन तशीच पुढं गेली. खाचेत फळ्या लावून झाल्या होत्या. मच्छिंद्र गुडघ्यावर बसून थापीनं माल सारखा करत होता.

"मच्छिंद्रभाऊ."

"या सर." त्यानं वर पाहिलं नाही.

"तुम्हाला विहीर माहीत आहे. तुम्ही खळग्यात हात घातलाय."

"घातलाय की."

"मग हे कशाला?"

"तुमी देवळात आला नव्हता परवा. मी यकटा बोललो. कुनी ऐकून बी घेतलं न्हाई. वस्तीतल्या आरुनाचं बाळंतपन उसाच्या फडावर झालं सर, पाचटावर. लेकरू गेलं. तिचा नवरा देवळात म्हनला, भराव फुटून मेलो तर येकदा मरू. ह्येच्यावर काय बोलावं, तुमी सांगा."

अंगदनं विचारलं, "आजी कशा आहेत? त्यांच्याशी बोलतो. त्यांनीच सगळ्यांना सांगितलं, बायांना सांगितलं, तर..."

"आजी हितं न्हाई. कोल्हारला हाय, आत्याकडं."

"कधी येतील?"

मच्छिंद्रची थापी हलत राहिली. "न्हाई यायची. प्रवरेच्या काठाला बरं वाटतंय म्हनती." मग इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तो म्हणाला, "पोरं बी तिकडंच घालनार हाय शाळंत, जूनपस्नं. बायको सोमवारी गेली."

अंगदनं खाली वस्तीकडे पाहिलं. पत्र्यांवर ऊन तापत होतं. कुणीतरी घराच्या भिंतीला नवा गिलावा करत होतं, कुणी दारात कडब्याची गंजी रचत होतं.

"बाकीच्यांना सांगितलंत?"

"काय सांगू? येकदा सांगितलं हुतं. तुमचं ऐकून." मच्छिंद्रनं आता पहिल्यांदा मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "तुमी लिवून देता का सर, फुटंलच म्हनून? महिना, तारीख घालून? द्या. आत्ता काम थांबवतो."

अंगदकडे आकडे होते. शिळांचा सांधा बोटभर उघडला असेल तर इतके दिवस, दोन बोटं उघडला असेल तर इतके. सांधा किती उघडलाय हे बाहेरून कळत नव्हतं. काठोकाठ पाण्यात भराव दोन महिन्यांत जाऊ शकत होता, वीस वर्षंही टिकू शकत होता. असं लिहून दिलेलं कुणी वाचत नाही.

"देता येत नाही," तो म्हणाला.

मच्छिंद्रनं मान हलवली. कडूबाई नवी पाटी घेऊन आली आणि पाटी डोक्यावर तशीच धरून दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"मग बाजूला व्हा सर," मच्छिंद्र म्हणाला. "माल वाळतोय."

अंगद बाजूला झाला.